न्यू जर्सीच्या अंगणात जपानी मेपल: अर्जापासून पहिल्या लाल पानांपर्यंत

आमच्या पुढच्या अंगणातलं ब्रॅडफर्ड पेअरचं झाड जून २०२४ च्या शेवटी एका संध्याकाळच्या वादळात उभं चिरलं. अर्धं ड्राइव्हवेवर आडवं, अर्धं जागच्या जागी. गाडी बाहेर होती म्हणून वाचली. पडलेलं झाड उचलायचा खर्च विमा दर वेळी देतोच असं नाही, हे त्या आठवड्यात कळलं. तसं या झाडांचं हे ठरलेलंच असतं. बिल्डरांनी एके काळी रांगेने लावलेली ही झाडं झटपट वाढतात, पण फांद्या एकाच जागेतून अरुंद कोनात फुटतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी वजन झेपेनासं होतं. वर वसंतात फुलं आली की कुजक्या मासळीचा वास. ते गेल्याचं फारसं दुःख झालं नाही.

त्या जागी जपानी मेपल लावायचा हे त्याच रात्री ठरलं. प्रत्यक्षात झाड जमिनीत जायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात इतक्या ओळखीच्या मंडळींनी ‘आम्हालाही लावायचाय, पण ती परवानग्यांची भानगड नको वाटते’ असं सांगितलं, की सगळं क्रमाने लिहून ठेवावं असं वाटलं. आम्ही सॉमरसेट काउंटीत राहतो. तुमच्या गावचे नियम थोडे निराळे असतील, पण दारं हीच ठोठवावी लागतात: टाउनशिप म्हणजे गावची पालिका, सोसायटीची कमिटी म्हणजे एचओए, आणि खोदण्याआधी ८११, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या कुठे आहेत ते दाखवून देणारी सेवा.

पहिलं दार टाउनशिपचं. राज्याच्या पर्यावरण खात्याने गावोगावच्या पालिकांना झाडतोड आणि बदली झाडांबद्दलचा नियम करायला सांगितलं होतं, त्याची मुदत होती १ मे २०२४. महाराष्ट्र दिनाचीच तारीख, म्हणून डोक्यात राहिली. म्हणजे आमचं झाड पडलं तेव्हा नियम जेमतेम दोन महिन्यांचा होता आणि खिडकीवरच्या बाईंनाही तो फाइल उघडून बघावा लागत होता. अर्ज दोन पानी, फी २५ डॉलर. झाडाचं खोड जमिनीपासून साडेचार फुटांवर किती जाड आहे ते लिहायचं. टेप गुंडाळून आलेला घेर ३.१४ ने भागायचा, की व्यास मिळतो. सोबत फोटो आणि परवानाधारक वृक्षतज्ज्ञाचं ‘झाड धोकादायक आहे’ असं पत्र. झाडं तोडणारे सगळेच असं पत्र देऊ शकत नाहीत, म्हणून दरपत्रक मागतानाच परवाना क्रमांक विचारून घ्या. आमच्याकडे आलेल्या तिघांतल्या एकाने तो प्रश्न ऐकून विषयच बदलला.

दहा दिवसांत परवानगी आली, अटीसह: बदली म्हणून एक झाड लावायचं किंवा पालिकेच्या वृक्षनिधीत पैसे भरायचे. लावलेल्या झाडाचं खोड किमान दीड इंच जाड हवं, आणि दोन वर्षांनी ते जिवंत आहे का हे बघायला माणूस येणार. यादीत छोट्या शोभेच्या झाडांत जपानी मेपल होता, तेव्हा तो प्रश्न मिटला. पण त्या दीड इंचाने बजेट पार बदललं. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये साठ-सत्तर डॉलरला मिळतात ती रोपं बोटाएवढ्या जाडीची असतात. दीड इंच म्हणजे सहा-सात फुटी, चांगलं वयात आलेलं झाड.

जुलैच्या मध्याला पेअर काढलं. ११५० डॉलर, आणि बुंधा यंत्राने भुगा करून काढायचे आणखी १७५. तो भुगा उचलून न्यायला सांगा, नाहीतर माणसं खड्ड्यात तसाच लोटून जातात. लाकडाचा भुगा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि जमीन वर्षभर खचत राहते. त्याच जागी लगेच नवीन झाड लावू नये, पाचसहा फूट सरकावं, असं वृक्षतज्ज्ञाने सांगितलं.

आता एचओए. इथे कामाला वेळ लागतो हे गृहीत धरा. अर्जाला ५० डॉलर, घराच्या प्लॉटच्या नकाशाची प्रत, त्यावर झाडाची जागा, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या. कमिटी महिन्यातून एकदा बसते आणि ऑगस्टमध्ये बसत नाही, कारण सगळे समुद्रकिनारी गेलेले असतात. आमचा अर्ज सप्टेंबरच्या बैठकीत गेला तो शेरा मारून परत आला: ‘नुसतं जपानी मेपल चालणार नाही, जात आणि पूर्ण वाढीची उंची-रुंदी लिहा.’ तेव्हा राग आला होता. खरं तर मागणी रास्त आहे. जपानी मेपलच्या जाती शेकड्यांनी आहेत, त्यांतली काही कंबरेएवढी राहते, तर काही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकते. सुदैवाने एचओएच्या मॅनेजरने दुरुस्त अर्ज पुढच्या बैठकीची वाट न बघता ईमेलवर सदस्यांना फिरवला आणि ४ ऑक्टोबरला मंजुरीचं पत्र आलं, नव्वद दिवसांत लावून फोटो पाठवा असं सांगणारं.

या रिकाम्या ऑगस्टचा उपयोग झाला तो मातीसाठी. मध्य जर्सीच्या बऱ्याच भागात तांबड्या शेल खडकाची माती आहे. आई तेव्हा दापोलीहून आमच्याकडे आलेली होती. फावड्याने पहिला थर उलटला तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, ही तर आपलीच माती!’ रंग तसाच, पण गुण वेगळा. घरं बांधताना यंत्रांनी दाबून काढलेली, चिकण, पाणी धरून बसणारी. जपानी मेपलला ओलावा आवडतो पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला मारतं. म्हणून एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला आणि पट्टी उभी करून बघितलं. तासाला एक इंचाच्या आसपास पाणी उतरलं तर चालतं. आमच्याकडे जुन्या झाडाजवळ अर्धा इंचही उतरेना, घराच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे मात्र सव्वा इंच उतरलं. मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पाठवला. पिशवी आणि फॉर्म काउंटीच्या कृषी विस्तार केंद्रात मिळतो, खर्च वीस-पंचवीस डॉलर. सामू (पीएच) ६.१ आला. मेपलला साडेपाच ते साडेसहा मानवतो, त्यामुळे चुना वगैरे काही टाकायची गरज नव्हती. लोक सवयीने दर वर्षी लॉनवर चुना मारतात. मेपल लावणार असाल तर तेवढ्या भागात तो मारू देऊ नका.

जात निवडणं हा या सगळ्यातला मजेचा भाग. इथे दहातल्या आठ घरांपुढे ‘ब्लडगुड’ दिसतो: उभा वाढणारा, उन्हाळाभर किरमिजी, पंधरा-वीस फुटांपर्यंत जाणारा, दणकट. ‘एम्परर वन’ दिसायला जवळपास तसाच, पण पानं जरा उशिरा काढतो, त्यामुळे एप्रिलमध्ये उशिरा पडणाऱ्या, गोठवणाऱ्या दहिवरातून सुटतो. ‘तामुकेयामा’ आणि ‘क्रिमसन क्वीन’ झालरीच्या पानांचे, खाली झुकणारे, दाराशेजारी छान. ‘सांगो-काकू’ची कोवळी साल हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल होते, म्हणून मला तोच हवा होता, पण आमच्या जागेवर उत्तरेचा वारा थेट येतो आणि त्या जातीच्या फांद्या टोकाकडून वाळतात असं रोपवाटिकेतल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं. विकणाऱ्याने नको म्हटलेलं झाड मी घेत नाही. शेवटी ‘ओसाकाझुकी’ ठरला. उन्हाळाभर चक्क हिरवा, शरद ऋतूत शेंदरी-लाल. नवऱ्याचं म्हणणं, मग बाकी सहा महिने लोकांना कळणार कसं की हा जपानी मेपल आहे? आईने निकाल दिला: ‘बारा महिने लाल पानं असली की झाड आजारी वाटतं हो.’

४२५ डॉलर, वर ६.६२५ टक्के विक्रीकर, आणि घरपोच आणायचे ९०. निवडताना फांद्यांच्या पसाऱ्याकडे सगळेच बघतात; मी आधी बुडाकडे बघितलं. माझे बाबा हापूसची कलमं बांधायचे, त्यामुळे कलमाचा सांधा शोधायची सवय आहे. हे जातिवंत मेपलही कलमीच असतात: साध्या हिरव्या मेपलच्या खुंटरोपावर हवी ती जात चढवलेली. सांधा स्वच्छ भरलेला हवा, चीर किंवा गाठीतून डिंक नको. मग खोड धरून हलकं हलवायचं. खोड आणि मातीचा गोळा एकत्र हलला तर ठीक, खोड एकटंच डुललं तर मुळं धरलेली नाहीत.

८११ ला फोन करा किंवा वेबसाइटवर अर्ज भरा, फुकट आहे. कायद्याने तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, दहापेक्षा जास्त आधीही नाही, आणि कळवलेला दिवस धरत नाहीत. मी शुक्रवारी ११ ऑक्टोबरला अर्ज भरला. शनिवार-रविवार गेले, सोमवारी १४ ला कोलंबस डेची सुट्टी, म्हणून मंगळ, बुध, गुरू असे मोजून शुक्रवारी १८ ला खोदायला मोकळीक. दसऱ्याला लावायचं आईच्या मनात होतं, ते हुकलं. त्या तीन दिवसांत वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन गवतावर रंग मारून आणि झेंडे रोवून गेली: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी केबल-फोनचा, निळा पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा. संध्याकाळी घरी आले तर अंगणात कुणाची तरी निवडणूक प्रचारसभा झाल्यासारखं दिसत होतं.

आणि पिवळे झेंडे बरोबर आम्ही नकाशावर फुली मारलेल्या जागेवरून गेले होते. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट हातानेच, जपून खणायचं असतं. गॅसच्या पाइपवर झाड तर लावायचंच नाही. मॅनेजरला नवीन जागा ईमेलने कळवली, तिने त्याच दिवशी ‘चालेल’ म्हणून उत्तर दिलं. पण सगळ्या मॅनेजर अशा नसतात. तुम्ही एचओएच्या नकाशावर एक ठिपका न काढता आठ-दहा फुटांचं वर्तुळ काढा आणि ‘भूमिगत वाहिन्या बघून या वर्तुळात कुठेही’ असं लिहा. आणि लक्षात घ्या, ८११ वाले फक्त कंपन्यांच्या वाहिन्या दाखवतात. तुमचे स्प्रिंकलरचे पाइप, अंगणातल्या दिव्यांच्या वायरी, कुत्र्यासाठी पुरलेली तार, यांचा शोध तुम्हालाच घ्यायचा आहे.

सरकलेली जागा उलट बरी निघाली. घराचा पूर्वेचा कोपरा: सकाळचं ऊन, दुपारी दोननंतर सावली. भाजणाऱ्या दुपारच्या उन्हात या झाडाची पानं कडेने करपतात.

शनिवारी १९ ऑक्टोबरला लावलं. कित्येक दिवस पावसाचा थेंब नव्हता, माती विटेसारखी. फावडं टेकेना म्हणून पहार आणि कुदळ. खड्डा गोळ्याच्या अडीच पट रुंद आणि खोली गोळ्यापेक्षा दोन इंच कमी. रुंद किती हे सगळे विचारतात, चुकतं ते खोलीत. कुंडीतून काढल्यावर वरची माती हाताने बाजूला केली, तर खोड जिथे फुगून मुळांत उतरतं ती जागा दोन इंच खाली दडलेली होती. रोपवाटिकेत एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवताना अशी माती चढत जाते. ती जागा उघडी करून जमिनीच्या किंचित वर ठेवायची. कुंडीच्या भिंतीला धरून गोल फिरलेली मुळं होती. जाड दोन कात्रीने तोडली, बारीक बोटांनी सोडवून बाहेरच्या दिशेला पसरली. आई पायरीवर बसून बघत होती. ‘कलमाच्या वर माती चढवू नको हो,’ हे तिने इतक्या वेळा सांगितलं की नवरा मराठी न कळणाऱ्या मित्रालाही तेच वाक्य इंग्रजीत सांगायला लागला. खड्ड्यात खत, कंपोस्ट, पीट काही नाही; निघालेलीच माती परत. खड्ड्यात मऊ, चविष्ट माती भरली की मुळं बाहेर पडायला मागत नाहीत. मग भोवती आळं, आणि आळ्यात तीन इंच मल्च, म्हणजे साली-लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन, खोडापासून वीतभर दूर.

या मल्चबद्दल जरा बोलतेच. इथे दर वसंतात लँडस्केपवाले येतात आणि प्रत्येक झाडाच्या खोडाशी मल्चचं वारूळ रचून जातात. दिसायला नीटनेटकं, पण साल सतत ओली राहून कुजते आणि त्यात मुळं खोडालाच गुंडाळत फिरतात. एचओएचा ठेकेदार आमच्याही दारातून जातो, म्हणून आळ्याच्या कडेने गोटे लावले आणि मॅनेजरला लेखी कळवलं की या झाडाला हात लावू नये. लेखीच कळवा.

लावलं खरं, पण वेळ अशी की ऑक्टोबर २०२४ न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. १३ नोव्हेंबरला राज्याने दुष्काळाचा इशारा दिला, पाणी जपून वापरा म्हणून. जंगलांना आगी लागल्या होत्या, काही दिवस हवेत धुराचा वास होता. सक्ती नव्हती, तरी होज लावून अंगणात उभं राहायला जीव धजेना. मग तळघरातल्या हवेतला ओलावा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरचं पाणी, तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी आणि शॉवर गरम होईपर्यंत वाहून जाणारं पाणी साठवलं. पाच गॅलनच्या दोन बादल्यांना तळाशी खिळ्याने बारीक भोक पाडलं आणि त्या आळ्याच्या कडेला ठेवल्या. भरून ठेवायच्या, पाणी तासाभरात ठिबकत खोल जातं, वाहून जात नाही. आठवड्यातून दोनदा, बोट मातीत खुपसून बघून. खोडाला चेन लावून बांधायच्या पाण्याच्या हिरव्या पिशव्या मिळतात, त्या खालपासून फांद्या असलेल्या जपानी मेपलला बसत नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अखेर पाऊस आला. जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवलं.

त्या वर्षी पानं लाल झालीच नाहीत. तपकिरी होऊन गळली. लावल्यावर पहिल्या शरदात असं होतं, घाबरून खत घालू नका.

हिवाळ्यापूर्वी अर्ध्या इंचाच्या भोकांची लोखंडी जाळी आणून खोडाभोवती पिंजरा केला. ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात, म्हणून तो वाटतो त्यापेक्षा फूटभर उंच हवा. आणि नर हरणं शिंगं घासायला नेमकं असंच बारीक, गुळगुळीत खोड शोधतात. आई ऑक्टोबरअखेर परत गेली होती. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तिला ते काटकं दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मेलं गं ते.’ मी एका डहाळीवर नखाने बारीकसं खरवडून कॅमेऱ्यासमोर धरलं. आत हिरवं होतं. ही परीक्षा हिवाळ्यात एकदाच करा, रोज नाही.

एप्रिल २०२५ च्या मध्यानंतर कळ्या फुगल्या आणि आठवडाभरात दुमडलेल्या छत्र्यांसारखी पानं उघडली. ते दोन आठवडे मी रोज रात्री हवामान बघत होते आणि तापमान शून्याकडे जायला लागलं की जुनी चादर टाकत होते. प्लॅस्टिक नको, ते पानाला चिकटतं तिथे पान जळतं. मेमध्ये सांध्याच्या खालून एक तरतरीत फूट आली, बारीक पानांची. दिसायला सुंदर, पण ती खुंटाची. ठेवली तर तीच जोर धरते आणि वरचं कलम मागे पडतं, आंब्यातही हेच होतं. बुडाशी धरून काढून टाकली, जूनमध्ये पुन्हा आली, पुन्हा काढली.

जूनच्या शेवटी उष्णतेची लाट आली, पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे. पश्चिमेकडच्या पानांच्या कडा कागद भाजल्यासारख्या झाल्या. पहाटे पाणी दिलं, बाकी काही केलं नाही. करपलेली पानं तोडली नाहीत. जुलैत जपानी भुंगेरे आले. हे हिरवे-तांबूस भुंगेरे अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते १९१६ मध्ये, आमच्याच राज्यात, रिव्हरटनला. पानांच्या शिरा सोडून मधलं सगळं खातात. सकाळी थंडाव्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याची वाटी खाली धरून फांदीला टिचकी मारायची, टपाटप पडतात. दुकानात मिळणारे सापळे लावू नका, ते शेजारपाजारचेही भुंगेरे आपल्याकडे बोलावतात. हवे तर नावडत्या शेजाऱ्याला भेट द्या.

२०२५ च्या दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रस्त्यावरचे साखरी मेपल रंगून अर्धे झडले होते आणि आमचा अजून हिरवाच. जपानी मेपल उशिरा रंगतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण कडक हिमकण नाहीत, असे दिवस मिळाले की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि साखर अडकून लाल रंग तयार होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकाकडच्या पानांपासून सुरुवात झाली. सातबोटी पान, आधी कडेने केशरी, मग शिरांच्या मधून शेंदरी, आणि चारपाच दिवसांत सगळं झाड. साडेसात फुटी झाड ते, पण शाळेची बस थांबवून ड्रायव्हरने नाव विचारलं. सावलीत राहिलेली आतली पानं पिवळसरच राहिली. आईला फोटो पाठवला, तर उत्तर आलं: ‘आळं मोठं कर, मुळं पुढे गेली असतील.’ ते बरोबर होतं, आळं दोन हात अंतराने वाढवलं.

एकूण खर्च दोन हजार डॉलरच्या आसपास गेला, त्यात दोन-तृतीयांश जुनं झाड काढण्याचा. नुसता मेपल लावायचा असेल तर पाच-सहाशेत भागतं, आणि दीड इंचाची अट नसेल तर त्याच्याही निम्म्यात. टाउनशिपची तपासणी ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. परवानगीचं पत्र, एचओएची मंजुरी, ८११ चा क्रमांक आणि रोपवाटिकेची पावती एकाच पाकिटात ठेवली आहे. झाडाला वर्षाची हमी होती, ती पावतीशिवाय चालत नाही, आणि दुकानाच्या पावतीवरची शाई सहा महिन्यांत उडते, तेव्हा घरी आल्या आल्या तिचा फोटो काढा.